लसीची अट आणि विद्यार्थी

महाराष्ट्रातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली, ती दोन्ही मात्रा घेतलेल्यांसाठीच. कोविशील्डच्या मात्रांत तेव्हा ८४ दिवसांचे अंतर पाळावे लागे. म्हणजे जुलैअखेरपर्यंत पहिली मात्रा न मिळालेला सेनगाव वा औंढ्याचा विद्यार्थी त्या दिवशी दाराबाहेरच. मे महिन्यात १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण तर तुटवड्यापायी शासनानेच थांबविले होते! दोष कोणाचा आणि दंड कोणाला?

लस हवी, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत लस शाळेत आली होती, मुले लसीमागे धावली नव्हती. दहाव्या व सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लसही हिंगोली जिल्ह्यातील वर्गावर्गांत तशीच पोहोचावी. दाखला त्यानंतर मागावा. सत्राचे वेळापत्रक आखताना मुख्याध्यापकांनी तिची तारीख आरोग्य केंद्राकडून आधी घ्यावी.