शब्दांचीही पत असते

गोंदियासारख्या धान-तांदळाच्या बाजारपेठेत मुले बारावी झाली की व्यापारी घरांत बहुधा दोनच वाटांची चर्चा होते : बी.कॉम. करून पेढी सांभाळणे किंवा सी.ए.ची तयारी. एखाद्या मुलीने जनसंवाद व माध्यमे शिकण्याची इच्छा व्यक्त केली, तर पहिला प्रश्न येतो, ‘त्यातून मिळणार काय?’

प्रश्न रास्त आहे. मात्र हे शिक्षण विदर्भाला नवखे नाही. १९५२ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात पत्रकारिता विभाग सुरू झाला. त्याच्या उभारणीत अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्झली यांचा वाटा होता. पुढे डिसेंबर १९७१ मध्ये यवतमाळचे जवाहरलाल दर्डा यांनी नागपुरातून दैनिक ‘लोकमत’ सुरू केले.

तथापि गोंदियाच्या मुलीला त्यासाठी नागपूर गाठावे लागते आणि अनेक घरांत इच्छा तेथेच विरते. ही अडचण दूर करू शकणारी एक वाट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून ‘कम्युनिटी कॉलेज’ योजना आणली. चालू महाविद्यालयातच, परिसरातील व्यवसायांना उपयोगी पडेल असे कौशल्य प्रमाणपत्र वा पदविकेच्या रूपाने शिकवावे, हा तिचा हेतू. माध्यमशिक्षण या चौकटीत सहज बसते.

व्यापाराशी त्याचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. व्हाउचरावाचून खतावणीत नोंद होत नाही. पुराव्यावाचून बातमीत वाक्य येऊ नये, हा पत्रकारितेचा प्रारंभीचा धडा. जाहिरातीचेही तसेच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दुकानाच्या मोबाइलवरून पाठविलेला आकर्षक मजकूर हीदेखील जाहिरातच होय. काय लिहावे आणि काय लिहू नये, हे जाणणारी व्यक्ती घरात असणे ही पेढीची सुरक्षितताच आहे. शिवाय मध्य प्रदेश व छत्तीसगडला लागून असलेल्या या जिल्ह्यात ग्राहक मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी असे नाना भाषांत बोलतो. त्याच्याशी नेमके बोलणे हेही शिकावेच लागते.

प्रवेशापूर्वी पालकांनी काही गोष्टी अवश्य पाहाव्यात : अभ्यासक्रमास विद्यापीठाची मान्यता आहे का, प्रत्यक्ष वृत्तपत्रात वा आकाशवाणीवर काम करण्याची संधी मिळते का, शिकविणाऱ्यांना त्या क्षेत्राचा अनुभव आहे का. उत्तरे समाधानकारक नसतील, तर शुल्क भरण्याची घाई करू नये. वाणिज्य पदवीसोबत वर्षभराची पदविका करता आली, तर दोन्ही वाटा खुल्या राहतात.

पत मिळविण्यास पिढ्या लागतात आणि ती एका असत्य वाक्याने जाऊ शकते. शब्द तोलून वापरण्याचे शिक्षण मागणाऱ्या मुलीला ‘त्यातून मिळणार काय’ असे विचारताना हा हिशेबही मांडावा.