टाकोच्या आधी तलावाचं बोला

परवा लॉस एंजेलिसहून पूर्वेकडे जाताना दुपारी जेवायला मुद्दाम सॅन बर्नार्डिनोच्या मिटला कॅफेत थांबलो. जुन्या रूट ६६ वरचं १९३७ सालचं मेक्सिकन हॉटेल. कुरकुरीत तळलेल्या टॉर्टिलात खिमा, वर लेट्यूस, टोमॅटो, किसलेलं चीज. मस्त!

ग्लेन बेल यांचा हॉटडॉग-बर्गरचा स्टॉल बरोबर समोर होता. ते इथे येऊन खायचे, टाको कसा करतात ते इथेच शिकले आणि १९६२ मध्ये त्यांनी टाको बेल काढलं. आता ते आपल्याकडच्या मॉलमध्येही आहे. प्रत्येक जण हाच किस्सा सांगतो. मला मात्र थोडा रागच येतो. कॅफे सुरू केला लुसिया रॉड्रिग्ज यांनी, त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे?

आणि याहून मोठी गोष्ट तर मागेच राहते. त्या काळी गावातल्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावात मेक्सिकन वंशाच्या माणसांना मज्जाव होता, मग ती अमेरिकेची नागरिक का असेनात! कर भरायला चालतात, पाण्यात उतरायला नाही. त्याविरुद्ध लढणाऱ्यांच्या बैठका याच कॅफेत होत. संपादक इग्नासिओ लोपेझ आणि इतर कोर्टात गेले, १९४४ मध्ये जिंकले. महाडचं १९२७ ठाऊक असलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कुणी गेलात तर आधी तलावाचं विचारा. तोवर टाको येतोच.