तव्याच्या पेरणी यंत्राची परीक्षा वापशावरच व्हावी



न नांगरता पेरणाऱ्या तव्याच्या यंत्राचे प्रात्यक्षिक लागले की शिवारात पहिले दोन प्रश्न ठरलेले: एकराला डिझेल किती आणि दिवसात किती एकर उरकते? विक्रेत्याकडे दोन्हींची उत्तरे तयार असतात. पण यंत्र घ्यावे की नाही, हे ते पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या तासात कळते, आणि तिथे वाकून पाहणारे फारच थोडे.

लातूर-धाराशिवकडे सोयाबीन निघाले की हरभऱ्याची घाई सुरू होते. हार्वेस्टरचा भुसा आणि उभी धसकटे रानातच असतात. रोटाव्हेटर फिरवला की ऑक्टोबरच्या उन्हात वरची ओल उडते. म्हणून मशागतीविना पेरणीचा विचार इथे अगदी रास्त आहे. कोल्हापूरकडे प्रताप चिपळूणकर आणि नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी नांगराविना शेती करून दाखवली आहे. काळ्या मातीत हे चालतच नाही म्हणणाऱ्यांनी जबलपूरचे बोरलॉग संस्थेचे प्रक्षेत्र पाहावे. तिथली जमीनही काळीच आहे.

हरकत पद्धतीला नाही, यंत्राच्या आंधळ्या निवडीला आहे.

फण मातीत आपणहून ओढला जातो. तवा वजनाशिवाय घुसत नाही. परदेशातली जड यंत्रे एकेका ओळीवर शंभर ते दोनशे किलोपर्यंत दाब देऊ शकतात. आपल्या 45 एचपीच्या ट्रॅक्टरने हायड्रोलिकवर उचलायच्या नऊ ओळींच्या यंत्रात एवढे वजन कुठून आणायचे? हलका तवा दंवाने नरमलेला भुसा कापत नाही, दुमडून तासात कोंबतो. दाणा भुशावर बसतो, मातीला टेकतच नाही. वापसा येण्याआधी पेरले तर तवा चिकण मातीच्या कडा लिंपून टाकतो. आठवड्याने रान वाळले की तास उकलतो आणि दाणे उघडे पडतात.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. खुरप्याने हातभर तास उकरावा. कडा बोटाला गुळगुळीत लागल्या, चकाकल्या, तर त्या दिवशी पेरणी थांबवावी. मागचे दाबचाक साधे आहे की दातेरी, तेही बघावे. दातेरी चाक त्या कडा फोडून सैल माती दाण्यावर ढकलते.

लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात ऑस्ट्रेलियाच्या सहकार्याने घडलेल्या हॅपी सीडरने तव्याचा हट्ट धरला नाही. फिरती पाती फणापुढचे काड कापतात, आणि अरुंद उलट्या ‘टी’ आकाराचा फण बी सोडतो. मराठवाड्यातल्या मध्यम ट्रॅक्टरवाल्याने आज तरी याच वाटेने जावे. जड तवा अवजार बँकेने मोठ्या ट्रॅक्टरसह भाड्याने द्यावा.

परभणी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांनी फण आणि तवा एकाच रानात, भुसा न उचलता, वापशावर शेजारी शेजारी चालवून दाखवावेत. दोन्हींची मीटरभर तासातली उगवण मोजून गावाच्या फलकावर लावावी. स्वच्छ, कोरड्या रानातल्या प्रात्यक्षिकाच्या भरवशावर कुणाला लाखांचे कर्ज काढायला लावू नये, आणि अनुदानाच्या यादीत तव्याचे यंत्र घालताना कृषी विभागाने ही उगवण आधी मागावी.

– एक हरभरा उत्पादक, औसा तालुका