‘आवडत नसेल तर ब्लॉक कर ना!’

हे वाक्य कॉलेजात असताना मी किती वेळा टाइप केलंय, याला गणती नाही. आमच्या टेलिग्राम ग्रुपचा मी ॲडमिन होतो आणि नियम एकच होता: नियम नाहीत. एका मैत्रिणीच्या जातीवरून आठवडाभर मीम्स चालले. तिने मला मेसेज केला, ‘हे काढशील का?’ मी तिला व्याख्यान दिलं: आज हे काढलं, तर उद्या कुणीही काहीही काढायला लावेल. ती ग्रुप सोडून गेली. पाठोपाठ आणखी तिघीजणी. मी मात्र स्वतःला स्वातंत्र्याचा शिलेदार समजत राहिलो.

माझी भीती अगदीच खोटी नव्हती. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्यावरच्या फेसबुक पोस्टमुळे पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने तर ती पोस्ट फक्त लाइक केली होती. त्या प्रकरणात लावलेलं कलम ६६-अ सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं. उत्तम झालं. कुणाला राग आला म्हणून पोलीस दारात नकोतच.

पण पोलीस नकोत म्हणून ॲडमिननेही डोळे मिटायचे, हे कुठून आलं? जॉन पेरी बार्लोने १९९६ साली सायबरस्पेसचं स्वातंत्र्य जाहीर करताना सरकारांना ‘इथे तुमचं काम नाही’ असं बजावलं. त्याच जाहीरनाम्यात, आमचा सामाजिक करार आम्हीच करू, असंही म्हटलं होतं. आपण पहिलं तेवढं पाठ केलं, दुसरं विसरलो.

त्याचं टोक ‘८चॅन’वर दिसलं. फ्रेडरिक ब्रेननने २०१३ मध्ये ही साइट काढली, ती जवळजवळ काहीही चालेल अशी. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला करणाऱ्याने आधी तिथेच घोषणा केली. त्याच वर्षी एल पासोच्या हल्ल्याआधीही द्वेषाचं पत्रक तिथेच पडलं. साइट आधीच सोडलेला ब्रेनन तेव्हा म्हणाला, ती बंद करा.

आमच्या ग्रुपवर कुणी मेलं नाही. पण चौघींचं बोलणं थांबलं, आणि ते थांबवायला सरकार लागलं नाही. माझं हात झटकणं पुरलं. ‘ब्लॉक कर’ म्हणजे विहीर सगळ्यांची आहे, पण त्रास होत असेल तर तूच येऊ नकोस. हे आपल्या गावांनी शतकानुशतकं ऐकवलंय.

तुम्ही कुठल्या ग्रुपचे ॲडमिन असाल, तर गेलेल्यांची यादी एकदा बघा. त्यांच्या बोलण्याच्या स्वातंत्र्याचं काय केलंत?