टाकळ्याची परीक्षा

महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात पाऊस स्थिरावला, की लावणीच्या चिखलात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मजुरांच्या पायांना चिखल्या होतात. ओल्या कपड्यांखाली नायटा, गजकर्ण पसरते. दुखणे दिसायला क्षुल्लक. परंतु ज्याचे पोट रोजावर आहे, त्याची झोपही जाते आणि मजुरीही बुडते.

याच पावसाबरोबर बांधावर टाकळा उगवतो. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि बिया ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावतात. संस्कृत वैद्यकाने तर या झाडाला 'दद्रुघ्न' असेच नाव दिले. असे उपाय थोतांड म्हणून झिडकारणे सोपे आहे आणि पूर्वजांचे म्हणून डोक्यावर घेणेही तितकेच सोपे आहे. दोहोंत विचाराचा आळसच आहे.

हा आळस आता परवडणारा नाही. स्टेरॉइडमिश्रित मलमांच्या बेसुमार वापराने देशभर नायट्याचे स्वरूप चिवट झाले. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीला प्रतिबंध केला. २०२० साली शास्त्रज्ञांनी 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' या बुरशीला स्वतंत्र नाव दिले. टर्बिनाफीन या प्रमुख औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. अशा वेळी नव्या औषधाचा शोध बांधावरही घेतला पाहिजे.

मात्र प्रयोगशाळेतील बशीत अर्काने बुरशीची वाढ रोखली, म्हणजे औषध सिद्ध झाले असे नव्हे. ते त्वचेत किती मुरते, किती दाह करते, मात्रा कोणती, हे रुग्णांवरील काटेकोर तुलनेनेच ठरते. एकोणिसाव्या शतकात गजकर्णावर गाजलेली 'गोवा पावडर' ब्राझीलमधील एका झाडापासून येई. ती गुणकारी होती, पण कातडी भाजे आणि कपडे डागाळे. टाकळ्याच्या बियांतही त्याच कुळातील द्रव्ये आहेत. म्हणूनच परीक्षा हवी.

प्रश्न खर्चाचा आहे. पारंपरिक ज्ञानावर आपल्या कायद्याने पेटंट मिळत नाही आणि ते योग्यच आहे. हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ साली रद्द करवून घ्यावे लागले, हे विसरता येत नाही. परंतु जेथे मक्तेदारीचा नफा नाही, तेथे खाजगी भांडवल सहसा फिरकत नाही. बाजार जे करणार नाही, ते सार्वजनिक पैशानेच व्हावयास हवे. महाडला रसायनांचे कारखाने आहेत, जवळ लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. साधनांपेक्षा उणीव आहे ती इच्छेची.

आणि यश आलेच, तर त्याचा वाटा ज्यांनी हे ज्ञान जपले, त्या कातकरी वाड्यांपर्यंत पोहोचला पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभाच्या न्याय्य वाटपाचे तत्त्व मान्य केले आहे. तोवर चिघळलेल्या नायट्यासाठी डॉक्टरकडे जाणेच शहाणपणाचे. परंपरेचा खरा आदर तिची पूजा करण्यात नाही, तिची परीक्षा घेण्यात आहे.