जुने दार विकण्यापूर्वी

आमच्या दीपनगरच्या वसाहतीत घरांची दारे एका मापाची, साधी. वीज केंद्राच्या कामगारांना घरे वेळेत हवी होती, त्यामुळे त्यात गैर काही नाही. पण भुसावळ ओलांडून यावल-फैजपूरकडे गेले की जुन्या गावठाणात एखादे कोरीव सागवानी दार अजून उभे दिसते, आणि शेजारचा वाडा पाडायला काढलेला असतो.

भिंती मातीच्या, वर धाबे, पण दार सागाचे, ही आपल्या खानदेशी घरांची रीत. भिंत दरवर्षी लिंपावी लागे. दार मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिके. म्हणून ऐपत असेल तो दारावर सढळ हाताने खर्च करी. चौकटीच्या माथ्यावर गणेशपट्टी, बाजूंना वेलबुट्टी, कमळे. जाड फळ्यांना आडव्या पट्ट्या आणि त्यांवर लोखंडी वा पितळी फुल्या. त्या नुसत्या शोभेच्या नव्हेत; फळ्या पट्टीशी आवळून धरण्याचे काम त्या करत. पुष्कळ दारांना बिजागरीही नसे. दाराच्या कडेलाच वर-खाली खुंट ठेवत आणि ते चौकटीच्या व उंबरठ्याच्या भोकांत फिरत. म्हणजे दार, चौकट आणि उंबरठा मिळून एकच वस्तू!

आज वाडा पडला की जुन्या लाकडाचा व्यापारी येतो. तो दार उचलतो, चौकट वेगळी करतो. पुढे कुठल्याशा हॉटेलात त्या दारावर काच टाकून टेबल होते. वाळवीने खाण्यापेक्षा हे बरे, असे लोक म्हणतात. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. वाटण्या झालेल्या असतात, दुरुस्ती परवडत नाही. पण त्या टेबलाला गाव नसते, घराणे नसते, सुतारही नसतो. माझा आक्षेप एवढाच आहे.

पुण्यात दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून जुन्या घरगुती वस्तू जमवल्या, त्यात कोरीव दारेही होती. कोथरूडचा मस्तानी महाल त्यांनी संग्रहालयात पुन्हा उभा केला, आणि १९७५ साली सारा संग्रह शासनाला दिला. तिथे वस्तू जागची हलली, पण तिचे नाव-गाव हरवले नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही इमारतीतून काढलेली १०० वर्षांची वस्तू पुरावस्तूंत मोडते, आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. तरी कायदा आपल्या ओसरीपर्यंत पोहोचेल, ही आशा फोल आहे.

म्हणून सांगणे इतकेच. नवे घर बांधताना जुने दार चौकटीसकट त्यात बसवता येते का, ते आधी पाहा. देवघराला बसवले तरी चालेल. विकणे भागच असेल, तर चौकट-उंबरठ्यासह फोटो काढा. गाव, घराणे आणि ठाऊक असेल तर सुताराचे नाव लिहून एक प्रत घरात ठेवा, दुसरी दाराबरोबर द्या. याला पैसा लागत नाही, एक दुपार लागते. ज्याने पटाशी चालवली त्याच्यासाठी एक दुपार फार नव्हे.