जुनी रायफल आणि काडतुसांचे सांचे

वेरूळच्या डोंगराकडेला ज्यांची जमीन आहे, त्यांस रानडुकरांचा उपद्रव म्हणजे काय हें सांगावयास नको. कणसांत दाणा भरूं लागला कीं एका रात्रींत कळपानें मका आडवा करावा आणि सकाळीं धन्यानें बांधावर उभें राहून कपाळास हात लावावा, हें नित्याचें झालें आहे. तिकडील एका शेतकरी बंधूंनीं आम्हांस विचारलें आहे कीं, घरांत आजोबांच्या वेळची परवान्याची रायफल आहे. पण तिच्या जातीचीं काडतुसें मिळत नाहींत. तेव्हां रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचे सांचे कोठें मिळतील? अशा रायफली आणखीही घरांत असतील. म्हणून उत्तर सर्वांसाठीं देत आहों.

बार उडाला म्हणजे पितळी पुंगळी फुगते. ती दाबून मूळ मापावर आणणें व तींत गोळी नेमकी बसविणें हें सांच्यांचें काम. नळीचें तोंड सारखें असून भागत नाहीं. पुंगळीची लांबी, खांदा व बुडाची कड हीं सर्व जुळावीं लागतात. म्हणून प्रत्येक जातीला सांचा निराळा. प्रचारांतल्या जातींचे सांचे परदेशांत तयार मिळतात. विरळ जातीचे बहुधा मागणी देऊन करवून घ्यावे लागतात.

परंतु खरी अडचण कायद्याची आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत दारूगोळ्याच्या व्याख्येंतच त्याचे भाग व तो तयार करण्याचीं यंत्रें यांचा समावेश केलेला आहे. तेव्हां सांचा म्हणजे नांगराचा फाळ नव्हे कीं बाजारांतून आणला व वापरला. रायफलीचा परवाना आहे म्हणून काडतुसें भरण्याचीही मोकळीक आहे, असें कोणीं समजूं नये. गांवच्या कारागिराकडून सांचा घडवून घेण्याची युक्ति तर मुळींच करूं नये. दारूच्या वजनांत किंवा पुंगळीच्या मापांत चूक झाली तर रायफल फुटून हात किंवा डोळा जावयाचा. मक्याच्या पिकासाठीं हें मोल फार झालें.

येथें थोडा इतिहास ध्यानांत घ्यावा. लष्करी .३०३ काडतूस खाजगी माणसांच्या हातीं पडूं नये असें इंग्रज सरकारचें धोरण होतें. त्यांतून हिंदुस्थानच्या बाजारांत.३१५ बोराची रायफल पुढें आली. तिचें काडतूस मूळ ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचें, म्हणजे परकें. तरी तें येथें टिकलें. कारण १८६९ पासून चालत आलेल्या खडकीच्या कारखान्यासारख्या देशी कारखान्यांत तें तयार होऊं लागलें. ज्या जातींस असा आधार मिळाला नाहीं, त्या भिंतीवरच राहिल्या. ज्या इंजिनाचे सुटे भाग मिळत नाहींत तें विहिरीवर असून पाणी देत नाहीं. रायफलीचेंही तसेंच आहे.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, सांच्यांचा शोध सोडून द्यावा. २०१९ च्या दुरुस्तीनें परवानाधारकास दोनच शस्त्रें बाळगतां येतात. त्यांतील एक जागा मुक्या रायफलीनें अडवावी काय, याचा विचार ज्यानें त्यानें करावा. पीकसंरक्षणासाठीं शस्त्र हवेंच असेल तर ज्याचीं काडतुसें परवानाधारक दुकानीं मिळतात, तेंच रीतसर अर्ज करून घ्यावें.

मात्र शस्त्र हातीं आलें म्हणजे डुकरावर गोळी झाडण्याचा अधिकार आला, असें नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें त्यास अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. उभ्या पिकाचें नुकसान हें परवानगीचें कारण होऊं शकतें, हें त्याच कायद्यानें मान्य केलें आहे. पण परवानगी हातीं पडेपर्यंत कणसें शिल्लक राहिलीं पाहिजेत ना! सरकारकडे आमचें मागणें हेंच आहे कीं, निर्णय हंगामांत व्हावा आणि भरपाई पुढील पेरणीपूर्वीं मिळावी. शेतकरी बंधूंनींही नुकसानीची खबर त्याच दिवशीं द्यावी, पंचनामा करवून घ्यावा आणि शेजाऱ्यांनीं मिळून राखण व कुंपण करावें. आजोबांची रायफल हा घराण्याचा मान आहे. तो मानानेंच राहूं द्यावा. पिकाची राखण तिच्यावर सोपवूं नये.